अनोळखी ॲप्लिकेशन हाती आलं की टेस्टरने सुरुवात कुठून करावी?

केतकीबन

नमस्कार मंडळी,

माझी टीम बदलली आहे आणि हातात आलंय विम्याचे दावे हाताळणारं एक अंतर्गत ॲप्लिकेशन. दावा नोंदवणं, कागदपत्रं तपासणं, मंजुरी, रक्कम अदा करणं, सगळं त्यातच चालतं. ॲप्लिकेशन बरंच जुनं आहे. आधीचे टेस्टर सोडून गेले. मागे राहिली ती टेस्ट केसची (काय करायचं आणि काय घडायला हवं, अशा तपासणीच्या पायऱ्यांची) एक भलीमोठी एक्सेल शीट, आणि तिच्यातले कितीतरी स्क्रीन आता अस्तित्वातच नाहीत. रिक्वायरमेंट डॉक्युमेंट (ॲप्लिकेशनने काय करायला हवं ते सांगणारा दस्तऐवज) आहे, पण पहिल्या आवृत्तीचं. डेव्हलपर मनाने चांगले आहेत, पण रिलीजच्या गडबडीत त्यांना मान वर करायला वेळ नाही.

मॅनेजरला पहिल्याच आठवड्यात टेस्ट केस हव्या आहेत. माझं मत असं की ॲप्लिकेशन कळायच्या आत लिहिलेल्या टेस्ट केस म्हणजे स्क्रीनवरच्या बटणांची यादी. "सेव्ह दाबा, सेव्ह झालं पाहिजे" असल्या ओळी लिहून कुणाचंच भलं होत नाही.

तर दोन प्रश्न. आधी वाचायचं की आधी वापरायचं? आणि बरोबर काय हेच माहीत नसताना चूक ओळखायची कशी? दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय.

रानवाटा

आधी वापरा. लॉगिन करा आणि भटका. प्रत्येक मेनू उघडा, प्रत्येक बटण दाबा, कुठली वाट कुठे निघते ते कागदावर काढत चला. आधी वाचलंत की लिहिणाऱ्याच्या नजरेने बघायला लागाल. नवख्या माणसाला ज्या गोष्टी खटकतात त्या नंतर डोळ्यांना सवयीच्या होतात आणि दिसेनाशा होतात. खटकलेलं सगळं त्याच दिवशी लिहून ठेवा, अर्थ लागो न लागो.

चिकित्सक

रानवाटा यांच्याशी अर्धाच सहमत. नुसतं भटकून मेनू पाठ होतो, ॲप्लिकेशन कळत नाही. मेनूत न दिसणारा भागच मोठा असतो: रात्री आपोआप चालणारे जॉब, दुसऱ्या सिस्टीमकडून येणाऱ्या फाइल, ईमेल, अधिकारानुसार बदलणारे स्क्रीन.

वाचायचं म्हणजे रिक्वायरमेंटच वाचायची असं कुठे आहे? बंद झालेले बग वाचा. सपोर्टकडे आलेल्या तक्रारी वाचा. गेल्या काही रिलीजच्या नोंदी वाचा. एकच मॉड्यूल पुन्हा पुन्हा दुरुस्तीला आलेलं दिसलं की समजा, दुखणं तिथे आहे. शिवाय "असंच अपेक्षित आहे" म्हणून बंद केलेले बग वेगळे काढा. न लिहिलेली रिक्वायरमेंट तिथेच सापडते, कारण नियम काय आहे हे डेव्हलपरने कुणाला तरी समजावून सांगितलेलं असतं. केतकीबन, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला निम्मं उत्तर त्या शेऱ्यांतच मिळेल.

जुनाजाणता

वाचन की वापर या वादात मी पडत नाही. मी एक नोंद धरतो आणि तिचा पाठलाग करतो.

केतकीबनताई, तुमच्या बाबतीत ती नोंद म्हणजे एक दावा. अगदी साधा घ्या. तो नोंदवा आणि प्रत्येक पायरीवर थांबून चार ठिकाणी बघा: स्क्रीनवर काय दिसलं, ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सर्व्हरकडे कुठली विनंती गेली आणि काय उत्तर आलं, डेटाबेसमध्ये कुठली ओळ बदलली, लॉगमध्ये (सिस्टीम स्वतः ठेवते त्या नोंदींत) काय उमटलं. मग दुसऱ्या भूमिकेने लॉगिन करून तोच दावा पुढे सरकवा. रक्कम अदा होऊन दावा बंद होईपर्यंत सोडायचा नाही. हे करताना कागदावर अवस्था लिहीत जा: नोंदवला, पडताळणीत, मंजूर, नामंजूर, अदा. प्रत्येक अवस्थेत जायच्या वाटा किती, बाहेर पडायच्या किती, आणि कुणाला परवानगी आहे. हे चित्र पुरं झालं की ॲप्लिकेशनचा कणा हातात आला.

एक उदाहरण देतो. पॉलिसी १ एप्रिलपासून लागू, अपघाताची तारीखही १ एप्रिल, आणि दावा "पॉलिसी सुरू होण्याआधीचा" म्हणून नामंजूर. स्क्रीनवर तारीख बरोबर दिसते. भटकंती करणारा इथे चक्रावतो, वाचणाऱ्याला कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये उत्तर सापडत नाही. विनंतीत बघितलं की लख्ख दिसतं: ब्राउझरने १ एप्रिलची मध्यरात्र स्थानिक वेळेत धरली आणि पाठवताना यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलली. यूटीसीच्या पुढे असलेल्या कुठल्याही टाइमझोनमध्ये ती ३१ मार्चची वेळ होते. सर्व्हरने वेळ टाकून दिली आणि नुसती तारीख ठेवली. परत दाखवताना दुसऱ्याच कोडने एक दिवस पुढे ढकलला, म्हणून स्क्रीन निर्दोष. असा एक पाठलाग केला की तारीख कुठे साठवली जाते, नियम कुठे तपासला जातो आणि स्क्रीनवर किती विश्वास ठेवायचा, या तिन्ही गोष्टी एका फटक्यात कळतात.

दुपारचा_वारा

जुनाजाणता, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

केतकीबन

@जुनाजाणता, फार उपयोगी. पण डेटाबेस बघायची परवानगी मला नाही. लॉगही ऑपरेशन्सच्या लोकांकडे असतात. मागितलं तर "टेस्टरला कशाला हवं?" असं विचारतात.

गणकयंत्र

फक्त वाचायची परवानगी मागा, तीही टेस्ट एन्व्हायर्नमेंटपुरती (तपासणीसाठीच्या वेगळ्या प्रतीपुरती), आणि लेखी मागा. कारण असं द्या: "बग नोंदवताना मूळ ओळ जोडली की डेव्हलपरचा वेळ वाचतो." हे खरंही आहे, आणि डेव्हलपरच तुमच्या बाजूने बोलतील.

तोवर ब्राउझरची डेव्हलपर टूल्स तुमच्याच हातात आहेत. नेटवर्क टॅब उघडा ठेवून काम करायची सवय लावून घ्या. दोन गोष्टी मुद्दाम बघा. पहिली, सर्व्हरच्या उत्तराचा कोड २०० (म्हणजे "सगळं ठीक") असतो पण आत मजकूर "अयशस्वी" असा असतो. अशा ठिकाणी स्क्रीन बहुधा गप्प बसतो आणि वापरणाऱ्याला वाटतं, झालं सेव्ह. दुसरी, मोठे आकडे. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक अचूक राहतीलच असं नाही. दावा क्रमांक ९००७१९९२५४७४०९९३ असेल तर स्क्रीनवर शेवटी ३ ऐवजी २ येतो. नेटवर्क टॅबमध्येही क्रोमच्या प्रिव्ह्यूत २ दिसेल, कारण तिथे आकडा आधीच वाचून झालेला असतो. रिस्पॉन्सचा कच्चा मजकूर उघडला की ३ दिसतो. कुठे बघायचं हे माहीत नसेल तर माणूस सर्व्हरला दोष देत बसतो.

सावली

मी डेव्हलपर आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते.

"मला ॲप्लिकेशन समजावून सांगा" असं कुणी म्हणालं की आम्ही एक फळा आणि दहा चौकोन काढतो. ते चौकोन आमच्या डोक्यातले असतात, प्रत्यक्षात कोड तसा उरलेला नसतो. त्याऐवजी नेमकं विचारा. "कुठल्या फाइलला हात लावायचा म्हटलं की तुम्हाला नको वाटतं?" "गेल्या वेळी प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टीमवर) रात्री फोन आला तो कशामुळे?" "ही फाइल दुसऱ्या सिस्टीमकडून आली नाही तर काय होतं?" असे प्रश्न आले की रिलीजच्या गडबडीतही आम्ही वेळ काढतो, कारण आमचं दुखणं कुणीतरी विचारतंय.

प्रश्न एकेक करून पाठवू नका. दिवसभर जमवा आणि एकदाच या. आणि येताना जुनाजाणता म्हणतात तसं अवस्थांचं चित्र घेऊन या, अर्धवट असलं तरी चालेल. कोऱ्या कागदावर आम्हाला काही सुचत नाही, पण चुकीचं चित्र दिसलं की आम्ही पेन हातात घेतल्याशिवाय राहत नाही.

रानवाटा

सावली, शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं. चुकीचं चित्र नेणं ही युक्ती प्रत्येक नव्या टेस्टरला पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

दुपारचा_वारा

दुसऱ्या प्रश्नाकडे वळूया, तो मागे पडतोय. बरोबर काय हे माहीत नसताना चूक कशी ओळखायची?

टेस्टिंगमध्ये ज्यावरून "हे चुकलंय" असं ठरवता येतं त्याला ऑरॅकल म्हणतात. जेम्स बाख आणि मायकेल बोल्टन (हे टेस्टर, गायक बोल्टन वेगळे) यांनी यासाठी विसंगती शोधायच्या जागांची एक यादी मांडली आहे. ॲप्लिकेशन स्वतःच्या आधीच्या आवृत्तीशी जुळतं का? त्याच प्रकारच्या दुसऱ्या ॲप्लिकेशनशी? मदत-पानांत आणि जाहिरातीत जे सांगितलंय त्याच्याशी? वापरणाऱ्याच्या रास्त अपेक्षेशी? स्वतःच्याच दुसऱ्या भागाशी? ज्या कामासाठी बनवलं त्या कामाशी? कायद्याशी? यातलं एक जरी जुळत नसेल तरी तुमच्याकडे विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि त्यासाठी विषयातलं तज्ज्ञ असावं लागत नाही. एका स्क्रीनवर "मंजूर रक्कम" आणि रिपोर्टमध्ये त्याच दाव्यासमोर वेगळा आकडा, एवढं दिसायला विमा कळण्याची गरज नाही.

चिकित्सक

@दुपारचा_वारा, यादी चांगली आहे, पण तिच्यावर विसंबून राहिलात तर सगळीकडे सारखीच चूक करणारं ॲप्लिकेशन सुटून जातं.

समजा दावा १०,००० चा. पॉलिसीत १,००० ची वजावट आहे आणि उरलेल्या रकमेच्या २० टक्के विमाधारकाने भरायचे आहेत. आधी वजावट केली तर ९,००० उरतात आणि त्याचे ८० टक्के म्हणजे ७,२०० मिळतात. आधी २० टक्के काढले आणि मग वजावट केली तर ८,००० वजा १,०००, म्हणजे ७,०००. आता स्क्रीन, रिपोर्ट, ईमेल, मागची आवृत्ती, सगळीकडे ७,००० च दिसत असेल तर आतल्या आत सगळं जुळतंय. आणि प्रत्येक दाव्यात माणसाचे २०० बुडतायत! हे पकडायला पॉलिसीचा मजकूर काढूनच वाचावा लागतो. विषयाचा अभ्यास टाळता येत नाही. पैशाच्या आणि आरोग्याच्या ॲप्लिकेशनमध्ये तर टेस्टरने तो टाळणं मला गैर वाटतं.

दुपारचा_वारा

मान्य. तरी तुमचं उदाहरणही त्या यादीतच बसतं की. पॉलिसीचा मजकूर म्हणजे कंपनीने दिलेलं वचन, आणि ॲप्लिकेशन त्याच्याशी जुळत नाही. पण ते वचन ॲप्लिकेशनच्या बाहेर जाऊन शोधावं लागतं, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे.

आडवाटेचा_पांथस्थ

मॅनेजरच्या मागणीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

टेस्ट केस नको म्हणालात तर वाद होईल. त्याऐवजी दुसरं काहीतरी दाखवता आलं पाहिजे. जेम्स आणि जोनाथन बाख या टेस्टर भावांनी २००० च्या सुमारास सेशनची पद्धत मांडली, ती इथे चपखल बसते. साधारण दीड तासाचा सलग वेळ घ्यायचा आणि त्यासाठी एका ओळीचा हेतू ठरवायचा. उदाहरणार्थ, "नामंजूर दावा पुन्हा उघडता येतो का आणि कुणाला, हे तपासणं." मध्ये मेल नाही, मीटिंग नाही. बघितलं ते तसंच्या तसं टिपायचं: काय केलं, काय दिसलं, काय कळलं नाही, कुठे अडलं. मग कुणाबरोबर तरी बसून थोडक्यात सांगायचं.

आठवड्याच्या शेवटी मॅनेजरसमोर हेतूंची यादी, नोंदी, सापडलेले बग आणि अनुत्तरित प्रश्न ठेवा. बहुतेक मॅनेजरांना टेस्ट केस हवी असते कारण काम चालू असल्याचा तोच एक पुरावा त्यांना माहीत असतो. जास्त बोलका पुरावा मिळाला तर ते तो घेतात.

शिवाय "एक्सप्लोरेटरी टेस्टिंग" म्हणजे मनाला येईल तसं क्लिक करणं, असा समज अजून आहे. हा शब्द टेस्टिंगतज्ज्ञ केम कॅनर यांनी १९८० च्या दशकात रूढ केला, आणि त्यात शिकणं, चाचणी रचणं आणि चालवणं या तिन्ही गोष्टी एकत्र चालतात. अनोळखी ॲप्लिकेशनसाठी याहून नेमकी पद्धत मला माहीत नाही.

गणकयंत्र

अवांतर: अनोळखी ॲप्लिकेशनमध्ये नाव लिहायच्या रकान्यात मी सगळ्यात आधी देवनागरी घालतो. "क्षि" डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार घटक असतात, आणि यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या एका पद्धतीत) प्रत्येकी ३ म्हणजे एकूण १२ बाइट लागतात. रकाना ५० "अक्षरांचा" म्हणतात तो खरंच अक्षरांचा आहे की बाइटचा, हे लगेच उघडं पडतं. बाइटचा असेल तर नाव मध्येच तुटतं, कधीकधी अक्षराच्या पोटातच. मायएसक्यूएल या डेटाबेसचं जुनं "यूटीएफ८" सेटिंग असेल तर देवनागरी नीट जाते पण इमोजी अडकते, कारण त्यात एका घटकाला ३ बाइटच मिळतात आणि इमोजीला बहुधा ४ लागतात. एका रकान्यातून डेटाबेस किती जुन्या वळणाचा आहे याचा अंदाज येतो.

सावली

अवांतरात भर. दोन सिस्टीममधला सांधाही असाच तपासा. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६ हजार बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत, कारण मध्ये एका ठिकाणी एक्सेलचा जुना फाइल प्रकार वापरला होता आणि त्यात एका शीटमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. म्हणून नवं ॲप्लिकेशन समजून घेताना "यात बाहेरून काय येतं, कुठल्या रूपात येतं आणि जास्त आलं तर काय होतं" हा प्रश्न पहिल्या दिवसापासून हवा.

ओवी

मी टेस्टर नाही. दावे तपासायच्या कामात कित्येक वर्षं आहे, म्हणजे तुम्ही ज्याला "युझर" म्हणता ती मी. धागा सगळा वाचला, बरंच डोक्यावरून गेलं, पण एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहिते. आमच्याशी बोला असं अजून कुणीच म्हणालं नाही.

आमच्या सिस्टीममध्ये शेऱ्याचा एक रकाना आहे. त्यात आम्ही सगळे सुरुवातीला दोन अक्षरी खूण टाकतो, "का" म्हणजे कागद अपुरे, "फो" म्हणजे फोन केला पण उचलला नाही. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. शोधताना आम्ही त्याच खुणांनी शोधतो. एका नव्या रिलीजमध्ये शेऱ्यावरून शोधायची सोय "कुणी वापरत नाही" म्हणून काढली, आणि आमचं आख्खं काम अडलं. ज्यांनी तपासलं त्यांच्या दृष्टीने सगळं पास होतं.

तुमच्या युझरना "तुम्हाला काय हवंय" असं विचारू नका, त्यावर आम्हाला पटकन काही सुचत नाही. शेजारी खुर्ची टाकून बसा आणि आम्ही काम करतो ते बघा. कुठल्या दोन खिडक्या एकत्र उघड्या ठेवतो, कुठला आकडा वहीत लिहून घेतो, कुठलं बटण दाबल्यावर पान दुसऱ्यांदा उघडून खात्री करतो. जिथे वही लागते तिथे तुमचं ॲप्लिकेशन कमी पडलेलं असतं.

जुनाजाणता

ओवीताई, या धाग्यावरचा सर्वांत मोलाचा प्रतिसाद तुमचा आहे. मी नोंदीचा पाठलाग सांगितला, पण नोंदीमागच्या माणसाचा सांगायला हवा होता.

चिकित्सक

+१. "कुणी वापरत नाही" हे वाक्य बैठकीत ऐकू आलं की कुणाला विचारलं ते विचारायचं, एवढं मी यातून घेतो.

रानवाटा

ओवी, एक विचारू का? शेजारी कुणी बसलं की तुम्ही नेहमीसारखं काम करता, की मॅन्युअलप्रमाणे?

ओवी

पहिला थोडा वेळ मॅन्युअलप्रमाणे. मग कामाचा ढीग दिसायला लागतो आणि आपोआप नेहमीसारखं. म्हणून पाच मिनिटं डोकावून जाऊ नका, निवांत वेळ काढून या.

केतकीबन

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

एका दाव्याचा पाठलाग केला आणि अवस्थांचं चित्र काढलं. ते घेऊन डेव्हलपरकडे गेले, आणि सावली म्हणाल्या तसंच झालं: त्यांनी पेन घेतलं आणि मला माहीत नसलेली "स्थगित" नावाची अवस्था त्यात काढली. तिच्यात जायच्या दोन वाटा आहेत, पण स्क्रीनवरून बाहेर पडायची एकही नाही. स्थगित दावे रात्रीचा जॉब उचलतो म्हणाले, पण कुठल्या निकषावर, ते त्यांनाही सांगता येईना.

मग दावे तपासणाऱ्या विभागात जाऊन बसले. तिथे कळलं की महिनाअखेरीला काही जण मुद्दाम दावे स्थगित करतात, कारण "प्रलंबित" रिपोर्टमध्ये स्थगित धरले जात नाहीत. म्हणजे रिपोर्टमधला आकडा खराच नाही. मॅनेजरला सेशनच्या नोंदींबरोबर हेही दाखवलं, आणि टेस्ट केसचा विषय तूर्त बाजूला पडला आहे.

आता प्रश्न असा: हा बग म्हणून नोंदवू का? डेव्हलपर म्हणतात, कोड सांगितल्याप्रमाणेच चालतोय. विभागातली माणसं मोकळेपणाने बोलली, त्यांना अडचणीत आणायचं नाही.

आडवाटेचा_पांथस्थ

बग म्हणून नको, प्रश्न म्हणून नोंदवा: "प्रलंबित रिपोर्टमध्ये स्थगित दावे धरायचे की नाही, हे कोण ठरवणार?" कुणाचं नाव नको, विभागाचंही नको. रिपोर्टची व्याख्या आणि प्रत्यक्ष आकडे, एवढंच.

सावली

आणि रिपोर्ट ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत हा प्रश्न जाईल असं बघा. आमच्याकडे राहिला तर "सांगितल्याप्रमाणे" म्हणून बंद होईल.

जुनाजाणता

जॉबचा निकष कोडमधून कळत नसेल तर वागण्यातून काढा. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये चार दावे स्थगित करा, एका वेळी एकच गोष्ट बदलून: एकाची रक्कम मोठी, एकाची नोंदणी जुनी, एकाचं कागदपत्र अपुरं, आणि एक अगदी साधा, तुलनेसाठी. जॉब चालवा आणि कुठला उचलला ते बघा. मग पुढची फेरी. जे दिसेल ते "असं चालतं" म्हणून लिहा, "असं चाललं पाहिजे" म्हणून नाही. सॉफ्टवेअरतज्ज्ञ मायकेल फेदर्स जुन्या कोडसाठी कॅरेक्टरायझेशन टेस्ट म्हणतात ती हीच: आधी आहे ते वागणं पकडून ठेवायचं. उद्या कुणी तो जॉब बदलला तर काय बदललं हे निदान कळेल.

केतकीबन

हे जमेल. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमधला जॉब हवा तेव्हा चालवून देतो असं ऑपरेशन्सचे लोक म्हणालेत, आणि डेटाबेस वाचायची परवानगीही गणकयंत्र यांनी सुचवलेलं कारण लिहून मागितली होती, ती मिळाली. पहिल्या फेरीत काय निघतं ते इथेच लिहीन.